शापोऱ्याच्या तोंडाचा तेलगळतीसाठीचा नकाशा: रंग भरायच्या आधी चिखलात उतरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर गोव्यात पेडण्यातल्या एका गावच्या जैवविविधता समितीतल्या ताई विचारतायत की मे महिन्यात मोरजीच्या वाळूवर परत डांबराचे गोळे आले, उद्या खरंच एखादं जहाज फुटलं तर आपला कुठला किनारा आधी वाचवायचा हे ठरवायला आम्ही शापोरा नदीच्या तोंडापासून वरपर्यंत नकाशा करायला घेतलाय, सॅटेलाइट फोटो उतरवून घेतलाय, खारफुटीला लाल, वाळूला पिवळा आणि खडकाला हिरवा रंग दिला की झालं का?

ताई, रंगांचा क्रम तुम्ही बरोबर पकडलाय, पण खरं काम अजून सुरू व्हायचंय. मी वीसेक वर्षं गोव्याच्या आणि खाली कारवारपर्यंतच्या किनाऱ्यावर हेच करत आलोय म्हणून जरा लांबण लावून सांगतो. हा नकाशा कोणाच्या हातात जाणार ते आधी डोळ्यांसमोर आणा. रात्री दोनला फोन येणार, ज्याने तुमचा गाव कधी बघितलेला नाही असा माणूस जेटीवर उभा असणार, त्याच्याकडे एक होडी, दोनशे मीटर बूम (म्हणजे पाण्यावर तरंगणारा तो लांब अडसर, वर फुगा आणि खाली पडदा) आणि भरती लागायला तीन तास. त्या माणसाने कुठे जायचं आणि कुठे अजिबात पाय टाकायचा नाही हे तुमच्या कागदाने त्याला सांगितलं पाहिजे.

ह्या नकाशामागे १ ते १० ची एक पट्टी आहे. १९७० च्या दशकात गंडलाख आणि हेज ह्या अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी ती मांडली, तेलाने माखलेल्या किनाऱ्यांवर परत परत जाऊन त्यांनी बघितलं की तेल कुठे आपोआप धुऊन जातं आणि कुठे बसून राहतं. १९७४ साली मॅगेलनच्या सामुद्रधुनीत मेटुला नावाचा टँकर खडकावर चढला होता, तिथे खडे-रेतीच्या किनाऱ्यावर तेलाचं अक्षरशः डांबरी रस्त्यासारखं थर बनून पुढे कित्येक वर्षं राहिलं. मग १९७९ ला मेक्सिकोच्या आखातात इक्स्टॉकची तेलविहीर फुटली तेव्हा तेल टेक्सासला पोचायच्या आधी तिथल्या किनाऱ्याचे असे नकाशे तयार करून ठेवले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. १ म्हणजे लाटा आपटणारा उभा खडक, १० म्हणजे खारफुटी आणि खाऱ्या पाण्यातली दलदल. मध्ये बारीक वाळू ३, जाड वाळू ४, वाळू आणि खडे मिसळलेले ५, नुसते गोटे किंवा टाकलेले दगड ६, उघड्यावरचं भरती-ओहोटीचं सपाट मैदान ७, आडोशाचा खडक किंवा भिंत ८, आडोशाचा चिखल ९. आकडा ठरवताना प्रत्येक ठिकाणी विचारायचं की लाट किती लागते, उतार किती आहे, पायाखाली काय आहे आणि त्यात तेल किती खोल मुरेल, तिथे जीव काय आहे आणि साफ करायला माणूस जाऊ तरी शकतो का. बस्स, एवढंच आहे, बाकी सगळं फिरून बघायचं.

आता तुमच्याच जागेवर चला, कारण नशिबाने शापोऱ्याच्या तोंडाशी ही पट्टी जवळजवळ पुरी बघायला मिळते.

किल्ल्याच्या टेकडीचं समुद्राकडचं टोक घ्या. तिथे लाट खडकावर आपटून मागे फिरते आणि ती मागे फिरणारी लाटच तेलाला थोडं बाहेर धरून ठेवते, त्यामुळे तो १ किंवा जिथे खडकाचा सपाट कट्टा आहे तिथे २. तिथे माणसं पाठवायची नाहीत, एका पावसाळ्यात समुद्रच बऱ्यापैकी काम करून टाकतो. पण एक गोष्ट पट्टीत मिळणार नाही ती मी सांगतो, आपला खडक जांभा आहे. भोकाभोकांचा. टेकडीच्या पायथ्याला जे सुटे धोंडे पडलेत त्यांच्यात जहाजाचं काळं तेल आत शिरतं. मी एकदा अशाच एका पायथ्याचा मुठीएवढा जांभ्याचा तुकडा उचलला, वरून लाल, साफ, लाटांनी धुतलेला. हातोडीने फोडला तर आतली प्रत्येक पोकळी काळी, आणि वास असा आला की जणू कालच कोणी ओतलंय, तेल येऊन गेल्याला तेव्हा पाच महिने झाले होते. तेव्हापासून मी आकडा पट्टीप्रमाणेच ठेवतो पण बाजूला "जांभा, तेल मुरतं" असं लिहितो आणि पायथ्याच्या धोंड्यांची रेघ वेगळी काढून तिला ६ देतो.

पलीकडे मोरजीची वाळू. बारीक ते मध्यम, घट्ट बसलेली, ओहोटीला स्कूटर चालेल अशी, म्हणजे ३. अशा वाळूत तेल सहसा वरच्या दहा सेंटिमीटरच्या खाली जात नाही, जाड वाळूत पंचवीसपर्यंत जातं आणि गोट्यांत अर्धा मीटर किंवा अधिक. म्हणून फोटो बघून वाळू पिवळी रंगवू नका, फावडं घेऊन जा, भरतीच्या रेषेपाशी गुडघाभर खड्डा घाला आणि भिंत बघा. थर दिसतील, बारीक वाळू, मग शिंपल्यांचा चुरा, मग परत बारीक. ते थर म्हणजे समुद्राने पूर्वी काय काय पुरलं त्याची वही आहे. आपल्या किनाऱ्याची गंमत अशी की पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि ऑक्टोबरपासून परत आणून टाकतो, तेव्हा वाळू परतायच्या दिवसांत तेल आलं तर ते वर दिसत नाही, हातभर वाळूखाली चादर होऊन बसतं आणि पुढच्या जूनला उघडं पडतं. म्हणून माझ्या नकाशात वाळूच्या प्रत्येक तुकड्याला दोन नोंदी असतात, पावसाळ्याच्या आधीची आणि नंतरची.

डांबराचे गोळे मे-जूनमध्येच का येतात ते पण ह्याच्याशी जोडलेलं आहे. तेल पाण्यावर कसं चालतं ह्याचा ठोकताळा असा की प्रवाहाबरोबर पूर्ण आणि वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर वाऱ्यामुळे ताशी एक किलोमीटरच्या जरा आत. हिवाळ्यात ह्या किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे असतो, पावसाळ्याच्या तोंडावर तो दक्षिणेकडे फिरतो आणि वारा पश्चिमेकडून किनाऱ्यावर येतो, मग भर समुद्रात जहाजांनी टाक्या धुऊन सोडलेलं किंवा कुठेतरी गळलेलं जे काय महिनोन्‌महिने तरंगत घट्ट झालेलं असतं ते सगळं आपल्या दारात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ह्या गोळ्यांवर बरीच वर्षं अभ्यास केलाय. गोळा पायाला चिकटला की खोबरेल लावून निघतो, तेवढ्यापुरता त्रास. पण तुम्ही म्हणता तसं जहाज फुटलं तर येणारं तेल वेगळं.

आणि सगळं तेल एकसारखं नसतं हे नकाशाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नू शी नलिनी नावाचं जहाज दोना पावलाच्या खडकांवर येऊन अडकलं त्यात दोन हजार टनांहून जास्त नाफ्था होता. नाफ्था हलका, उडून जाणारा, किनाऱ्यावर फारसा टिकत नाही, पण वाफ विषारी आणि पेट घेणारी, तिथे पहिलं काम माणसं लांब ठेवणं. सुदैवाने तो नंतर बाहेर काढता आला. उलट २००६ च्या मे अखेरीला कारवारजवळ ओशन सेराया जहाज खडकावर चढून फुटलं तेव्हा बाहेर आलं ते जहाजाचं इंधन तेल, सुमारे साडेसहाशे टन, काळं, दाट, चिकट, आणि त्यातलं काही आपल्या काणकोणात पोळ्यापर्यंत पोचलं. हा नकाशा मुख्यतः अशा दाट तेलासाठी आहे.

आता नदीच्या तोंडातून आत या, कारण सगळा जीव इथे आहे आणि सगळ्यांचं लक्ष बाहेर वाळूवर असतं.

वाळूच्या दांड्याची बाहेरची बाजू ३. त्याच दांड्याची आतली बाजू, जिथे हिवाळ्यात कुरव आणि चिखले पक्षी थव्याने उतरतात, ती ७ किंवा ९, एकाच वाळूच्या दोन बाजू आणि आकड्यात एवढा फरक. कसं ठरवायचं? चालून. पाय घोट्यापर्यंतही रुतला नाही तर ७, पोटरीपर्यंत रुतला आणि काढताना चप्पल आत राहिली की ९. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, माणसाचं वजन पेलतं की नाही ही ह्या कामातली सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे, कारण जिथे पाय रुततो तिथे साफ करणाऱ्या वीस माणसांनी चाललं की वरचं तेल पावलापावलाने चिखलात खाली दाबलं जातं, आणि खाली हवा नाही, हवा नाही म्हणजे तेल कुजतही नाही.

ह्या चिखलाच्याच बाबतीत माझी एक चूक झाली होती. सुरुवातीच्या एका नकाशात मी एका खाडीचा अख्खा काठ फोटोवरून काढला, खारफुटी १०, मग थेट पाणी. छापून झाल्यावर ओहोटीला तिथे गेलो तर खारफुटीच्या पुढे शंभर पावलं नुसता चिखल उघडा, त्यात तिसऱ्या (खायचे शिंपले) काढायला बायका बसलेल्या. फोटो भरतीचा होता. माझ्या कागदावर त्या बायकांची जागा पाणी म्हणून निळी रंगवलेली होती. तेव्हापासून फोटोची तारीख आणि वेळ भरतीच्या तक्त्याशी जुळवल्याशिवाय मी रेघ ओढत नाही, आणि तुम्हीही ओढू नका. एका तुकड्यात दोन-तीन प्रकार असले तर सगळे लिहायचे, जमिनीकडून पाण्याकडे, म्हणजे बांधाचा दगडी कडा ८, पुढे खारफुटी १०, पुढे चिखल ९.

खारफुटीला १० का, हे एकदा तिवराखाली बसून बघा. तिवराच्या भोवती पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात आणि झाड त्यातून श्वास घेतं. कांदळाच्या कमानीसारख्या मुळांवरही तशीच छिद्रं. दाट तेलाचा थर त्यावर बसला की झाड लगेच मरत नाही, पानं पिवळी पडायला आठवडे लागतात, काही वेळा महिने, तोपर्यंत बाहेर वाळू साफ होऊन सगळे आपापल्या घरी गेलेले असतात. शिवाय भरतीचा हिशेब बघा. आपल्याकडे उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं, उधाणाच्या दिवशी तेल आलं तर ते खारफुटीत अगदी आत, बांधाच्या पायापर्यंत जातं, आणि पुढे भांगाची (अष्टमीच्या आसपासची लहान) भरती तेवढी चढतच नाही, म्हणजे निदान पंधरा दिवस ते तिथेच पडून. पनामात १९८६ साली एका रिफायनरीच्या टाकीचं तेल खारफुटीत गेलं, तिथल्या चिखलातून पुढे कित्येक वर्षं तेल परत परत पाण्यात झिरपत राहिलं. आणि आत जाऊन खरडणं हा उपाय नाही. १९७८ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर अमोको कादिझ फुटलं तेव्हा एका खाऱ्या दलदलीत यंत्रं घालून तेलासकट माती काढली, ती दलदल जिला हात लावला नव्हता तिच्यापेक्षा उशिरा सावरली. म्हणून १० म्हणजे "इथे तेल पोचूच द्यायचं नाही", पोचल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं.

मग ते अडवायचं कुठे? फोटोवर सगळ्यांना वाटतं नदीच्या तोंडावर आडवा बूम टाकू. मी एका सरावात हे होताना बघितलंय, बूम काटकोनात ताणला, उधाणाचं पाणी जोरात आत येत होतं, आणि तेलाच्या जागी टाकलेला भाताचा कोंडा बघता बघता पडद्याखालून पलीकडे. पाण्याचा वेग ०.७ नॉटच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटरच्या वर गेला की सरळ आडवा बूम तेल धरूच शकत नाही, तो तिरका लावावा लागतो आणि तेल एका काठाकडे वळवून तिथे गोळा करावं लागतं. म्हणजे तुमच्या नकाशावर काय पाहिजे? तोंडाची रुंदी, भर उधाणात तिथला वेग (एक शहाळं पाण्यात सोडा आणि घड्याळ लावा, पुरे), तेल वळवायला असा एक काठ जिथे पाणी शांत आहे, जमीन टणक आहे आणि टँकर-ट्रक पोचेल असा रस्ता आहे, आणि बूम बांधायला मजबूत काय आहे, झाड की जेटीचा खांब. आणि मोठं तोंड अडवणं जमणार नाही हे मान्य करून आतल्या लहान लहान व्हाळांची (ओढ्यांची) तोंडं शोधा. दहा-पंधरा मीटरचं तोंड गावची माणसं अडवू शकतात, आणि त्याच्या आत वीस-वीस हेक्टर खारफुटी असते.

मानशी (बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची दारं) तर विसरूच नका. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधातली प्रत्येक मानस नकाशावर पाहिजे. तिची दारं भरतीच्या जोराने आपोआप बंद होतात हे खरं, पण दार जुनं झालं की फटी राहतात आणि मासळीसाठी दार धरून पाणी आत घेतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेल आलेल्या रात्री ती मानस कोण बंद करणार, फळ्या कुठे ठेवल्यात, मातीची पोती कोण आणणार, हे शेतकऱ्यांच्या संघाला विचारून कागदावर घ्या. एक मानस उघडी राहिली तर तेल भाताच्या जमिनीत. तसंच आगरवाड्याकडची मिठागरं, जानेवारी ते मे तिथे खाडीचं पाणी आत घेतात, त्या महिन्यांत त्यांची पाणी घ्यायची तोंडं लाल करा.

जनावरं-पक्षी मात्र वेगळ्या थरावर घ्या, त्यांच्यामुळे किनाऱ्याचा आकडा बदलू नका, ही चूक बरेच जण करतात. मोरजीतल्या तेंबवाड्याची वाळू ३ ती ३ च. पण तिथे ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत अंडी घालायला येतात आणि पिल्लं बाहेर यायला दीडएक महिना लागतो, म्हणून कासवाची खूण, महिने, आणि सूचना की ह्या दिवसांत ट्रॅक्टर नाही, फावडी भरतीच्या ओल्या रेषेच्या खालीच. पक्षी कुठले महिने, पाणमांजरं कुठल्या काठाला दिसतात, काल्वं आणि शिणाणे हे शिंपले कुठल्या खडकावर, शेवटे मासे कुठे लागतात, चणाक मासा कुठल्या वळणावर, हे सगळं रापणकारांना (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांना) आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना विचारा. माझ्या अनुभवात ह्या बायकांनी बोट ठेवून दाखवलेली जागा कधी चुकली नाही. आणि त्यांच्यासाठीच हे महत्त्वाचं आहे, कारण शिंपला पाणी गाळून जगतो, तेल त्याच्या अंगात बसतं, खडक साफ दिसायला लागल्यावरही मांसाला वास राहतो आणि बाजारात कोणी घेत नाही. शॅकवाल्याला नुकसानीचा कागद करायला माणूस मिळतो, त्यांना मिळत नाही. म्हणून त्यांची जागा, किती जणी बसतात, कुठले महिने, हे आत्ताच लिहून ठेवा.

एक गोष्ट मनापासून सांगतो, तिच्यावरून तुमच्या समितीत भांडण होईल. तुमच्याकडे एकच बूम असेल तर तो मोरजीच्या वाळूपुढे लावायचा की आतल्या व्हाळाच्या तोंडाला? सगळा दबाव वाळूचा असणार, कॅमेरे तिथे, हॉटेलं तिथे, पहिला ट्रक तिथेच जातो. पण घट्ट वाळूवरचं तेल माणसं लावून काही आठवड्यांत उचलता येतं आणि कासवांचे महिने सोडले तर ती वाळू सावरते, आत गेलेलं तेल तुमची मुलं मोठी होईपर्यंत तिथे असेल. मी बूम व्हाळाला लावेन. तुम्ही काय ठरवता ते तुमचं, पण ते आज, शांत डोक्याने, पंचायतीत सगळ्यांसमोर ठरवा आणि नकाशावर १, २, ३ असे क्रम घाला. पुढे समन्वयाची सूत्रं तटरक्षक दलाच्या हातात असतात, तेलगळतीसाठीच्या १९९६ च्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे, आणि तेल कुठे सरकेल ह्याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मिळतो, त्यांना स्थानिक क्रम तयार मिळाला तर तो वापरला जातो, नाही मिळाला तर रस्त्याला जवळ पडेल तिथून काम सुरू होतं.

शापोऱ्याचा दांडा दर पावसाळ्यात थोडा इकडे-तिकडे होतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये एकदा परत चालावं लागेल, तोंडाचा भाग तरी.

सुरुवात येत्या अमावास्येच्या ओहोटीला करा, पाणी पूर्ण उतरायच्या दोन तास आधी चोपड्याच्या बाजूने निघा म्हणजे परत येताना भरती गाठणार नाही. फावडं, मीटर टेप, मोबाइलमध्ये जीपीएस चालू, प्रत्येक फोटोत कोणीतरी उभं राहा म्हणजे उंची कळते, आणि तिसऱ्या काढणाऱ्यांपैकी एक जण बरोबर पाहिजेच, तिच्या दिवसाची मजुरी समितीने द्या. मला तारीख कळवा, मी माझे जुने नोंदीचे कागद घेऊन येतो.